धुराड्याखाली बसलेले घट

समोर असतीस तर म्हटलं असतं, ये, अशी जवळ सरक. तिथे लांब बसून ऐकू येणार नाही, आणि मला आता मोठ्यानं बोलवत नाही. आधी थोडं रागावून घेते. पुणं काही साता समुद्रापलीकडे नाही गं. सकाळची गाडी धरलीस तर दुपारच्या जेवणाला इथे. पण तू आपली मेसेज टाकतेस, "काकू, अपडेट देत राहा." अपडेट काय देऊ, बाळ? तुझी आई नवरात्रात पडक्या धुराड्याखाली बसून होती, हे मी एका ओळीत कसं लिहायचं? म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते. बोलते तसंच लिहिते, मला दुसरं येत नाही. आणि आपलं घर ज्यांना माहीत नाही अशांनीही हे वाचावं असं मनात आहे, म्हणून तुला माहीत असलेलंही सांगेन. तेवढं सोस.

देवळाली कॅम्पातला हा बंगला तुझ्या आजोबांनी एका पारशी कुटुंबाकडून घेतला. त्या आधी म्हणे कुणी गोरा साहेब राहायचा. मंगलोरी कौलं, चहूबाजूंनी व्हरांडा, आणि पुढच्या खोलीच्या भिंतीत ती शेकोटीची जागा. फायरप्लेस म्हणतात तिला. वर विटांचं धुराडं, थेट छपराच्या वर माणूसभर उंच. आपण काय त्यात लाकडं जाळून पाय शेकत बसणार? तुझ्या आजीनं पहिल्याच दिवशी ती जागा बघितली आणि म्हणाली, एवढी कमानदार, भिंतीतली, पूर्वेला तोंड केलेली जागा, देव इथेच बसवायचे. घासून पुसून चुना दिला, पाट मांडला, आणि झालं देवघर. वरून पाऊस येऊ नये म्हणून धुराड्याच्या तोंडावर एक फरशी ठेवली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, साहेब लोकांतही देवघराची पद्धत असेल. खरंच वाटलं. त्यावरून तुझी आई मला अजून हसते. म्हणजे हसायची.

तुझे बाबा गेले, मग तुझे काका गेले. मुलं बाहेर. आम्ही दोघी जावा राहिलो. दोघींचं सूत चांगलं आहे. ती देवाचं बघते, मी पोटाचं बघते. यंदाचे घट तिनेच बसवले. पत्रावळीवर काळी माती, त्यात धान्य, वर घट, रोज एक माळ, आणि शेजारी नंदादीप. एकदा देव घटी बसले की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, जागचे हलवायचे नाहीत, हे आपल्याकडे किती कडक आहे ते तुला माहीत आहे.

चौथ्या माळेला सकाळी ती जप करत होती आणि मी स्वयंपाकघरात भगर निवडत होते. गडगड झालं. मांडणीवरचे डबे वाजले, खिडकीची काच थरथरली. आम्ही दोघींनी मानसुद्धा वर केली नाही. कॅम्पात जन्म काढलेल्या माणसाला काच वाजली तर काय वाटणार? तोफांचा सराव. लग्न झाल्यापासून ऐकतेय.

"आज लवकर सुरू झाले," आतून तुझी आई म्हणाली.

"नवरात्रात तरी सुट्टी घ्यावी यांनी," मी म्हटलं, आणि पुढचे खडे वेचायला लागले.

समोरची गुजराती शेजारीण ओल्या केसांनी फाटकात येऊन ओरडत होती तेव्हा कळलं की भूकंप होता. दिंडोरी-पेठच्या बाजूला धक्का म्हणे. तिच्या टीव्हीवर सांगत होते, नुकसान नाही. मी म्हटलं, चला, सुटलो. आणि पुढच्या खोलीत गेले तर देवांवर काळी भुकटी. इतक्या वर्षांची जुनी काजळी धुराड्यातून सुटून घटावर, माळांवर, तुझ्या आईच्या पांढऱ्या केसांवर पडलेली. कमानीच्या वरून छतापर्यंत भिंतीला तडा गेला होता, माझं बोट आत जाईल एवढा. बाहेर अंगणात जाऊन वर बघितलं. धुराडं पिळवटल्यासारखं झालं होतं. खालचा भाग एकीकडे, वरचा दुसरीकडे, आणि वरचा घराकडे झुकलेला.

आपली कौलं दरवर्षी परतायला येतो तो भगूरचा गवंडी, त्याला बोलावलं. तो अंगणात उभा राहून बराच वेळ बघत राहिला.

"मावशी, चुना सगळा पावसानं खाल्लाय. निस्त्या इटा इटांवर बसल्यात. ह्ये बाहेर नाय पडायचं, आतच येणार. थेट खाली."

"मग आजच उतरव बाबा."

"उतरवतो की. खाली काय हाय?"

मी त्याला खोलीच्या दारात नेलं. त्यानं आत बघितलं आणि हातच जोडले. तेव्हा माझं लक्ष गेलं, त्याच्या पायात चप्पल नव्हती. नऊ दिवस अनवाणी राहणारा माणूस.

"घट बसलेत," तो म्हणाला. "आता मी वर कसा चढू? देवाच्या डोस्क्यावर पाय देऊ व्हय? माझ्या घरी बी बसलेत. तुम्ही देव हलवा, मी ह्या पावली चढतो."

मी तुझ्या आईकडे बघितलं. ती काजळी झटकत होती, पदराच्या टोकानं, एकेक पाकळी.

"देव हलणार नाहीत," ती म्हणाली. "दसऱ्याला उठतील तेव्हा उठतील."

झालं. तो म्हणतो देव हलवल्याशिवाय चढणार नाही, ही म्हणते देव हलणार नाहीत. मधे मी. मी संसरीच्या गवंड्याला फोन केला, त्याचं तेच. तिसरा तर गाडी काढून निघालाही होता, पण मी बोलता बोलता घट म्हटलं आणि त्यानं रस्त्यातच गाडी वळवली. सगळ्यांचं एकच, दसरा झाला की पहिलं काम तुमचं. अगं, दसऱ्यापर्यंत ते उभं राहिलं तर ना.

माझ्या मुलानं बंगळुरूहून फोटो मागवले, कुणा इंजिनिअर मित्राला दाखवले. तो म्हणाला, खोली ताबडतोब रिकामी करा. मुलगा फोनवर माझ्यावर ओरडतो, आई तू आधी बाहेर हो. मी म्हटलं, मी बाहेरच आहे रे. तुझी काकू आत आहे. तर म्हणतो, तिला उचलून आण. ती काय भाजीची पिशवी आहे?

मग मला वाटलं, गुरुजींचं ऐकेल. पंचवटीतल्या आपल्या गुरुजींना फोन लावला. त्यांनी बिचाऱ्यांनी नीट सांगितलं, संकटकाळी अक्षता वाहून, क्षमा मागून देव सुरक्षित जागी नेता येतात, दोष लागत नाही. मी फोनचा स्पीकर लावून तुझ्या आईच्या कानाशी धरला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजी, तुमच्या घरचे घट कधी मधेच हलवलेत तुम्ही?"

"तशी वेळ आली नाही कधी."

"मग," ती म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

नंदादीप विझू नये म्हणून ती त्या खोलीतच झोपत होती, तिथेच बसत होती, दूधसुद्धा तिथेच घेत होती. धुराड्याच्या बरोब्बर खाली. मी दारात उभी राहून वर तड्याकडे बघत बसायची. तो वाढतोय का, याची मला खूण कळेना म्हणून कोळशानं रेघ ओढली. थोड्या वेळानं वाटायचं वाढला. मग वाटायचं नाही, उजेड बदलला. दुपारी तोफांचा सराव सुरू व्हायचा. तोफ कुठली आणि धक्का कुठला, मला आता ओळखता येईना. दर आवाजाला मी हातातलं टाकून खोलीकडे धावायची आणि ती शांतपणे म्हणायची, "तोफ होती गं. जा, पोळी करपेल." पोळी कसली, उपासच होता.

पाचव्या माळेला मी तिच्यापुढे हात जोडले. म्हटलं, ताई, असं काय आहे या वर्षीच्या घटांत? आधी कधी तुम्ही एवढा हट्ट केला नाहीत. तेव्हा वाती वळत वळत, माझ्याकडे न बघता तिनं सांगितलं. गेल्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं, ती गाठ काढली, रिपोर्ट यायचा होता, तेव्हा ती नवस बोलली होती. पोरीचा रिपोर्ट चांगला येऊ दे, पुढचे घट नऊ दिवस अखंड बसवेन, मधे काही झालं तरी हलवणार नाही. रिपोर्ट चांगला आला. तुला ती हे सांगणार नव्हती. मलाही सांगितलं नव्हतं. "देवीचं देणं फिटायच्या आत घट हलवले आणि तिकडे पोरीला पुन्हा काही निघालं तर," ती म्हणाली, आणि पुढची वात वळायला घेतली.

तिला मी कशी उठवणार होते? तू सांग.

म्हणून मी तुला फोन केला. मला वाटलं, तू म्हणालीस तर ती उठेल. तुला मी नवसाचं सांगितलं नाही, तिनं शपथ घातली होती. तेवढंच म्हटलं, आईला समजाव. तू ऑफिसात होतीस, घाईत होतीस, मला कळतंय. पण तू चिडलीस. "काय ही अंधश्रद्धा, आई. सगळ्यांना वेठीला धरायचं. बस मग तिथेच." फोन मी तिच्यापुढेच धरला होता, स्पीकर चालू होता.

तुझ्या आईनं मान हलवली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "ऐकलंस ना? पोरगी पण बसच म्हणाली." तोंडावर हसू आणून म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ जपमाळ ओढत राहिली. मणी पुढे सरकत नव्हते. मी बघत होते.

मी तुला दोष देत नाही. पण तुला हे माहीत असायला हवं.

सहाव्या माळेला दुपारी दुसरा धक्का आला. या वेळी कुणाला तोफ वाटली नाही. पायाखालची जमीन कुणी सतरंजी ओढावी तशी सरकली. बाहेर छपरावर विटा आदळल्या, कौलं फुटली, अंगणात जास्वंदीवर ढीग पडला. आणि त्याच वेळी भिंतीच्या आत काहीतरी घरंगळत खाली येताना मला ऐकू आलं. घरघर घरघर, आणि मग मधेच थांबलं. थांबलं म्हणजे कुठे थांबलं? वर अडकलं होतं. विटांचा गठ्ठा धुराड्याच्या नळीत, देवांच्या डोक्यावर कुठेतरी, बूच बसावं तसा अडकला होता.

मी खोलीत गेले. धुळीनं काही दिसत नव्हतं. ती बसली होती तिथेच होती. दोन्ही तळवे ज्योतीवर आडवे धरले होते, काजळीनं चेहरा काळा झालेला, फक्त डोळे दिसत होते. ज्योत तेवत होती.

"तेल आण," ती म्हणाली.

मी तिचा दंड धरला आणि ओढलं. ऐंशीला टेकलेली, हाडं नुसती, पण माझ्यानं ती हलली नाही. मी रडले. मी तिला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुम्हाला मरायचंय तर मरा, पण मला रोज असं मारू नका. तिनं दिव्याची वात पुढे सारली. शेवटी मी माझी चटई आणली आणि तिच्या शेजारी अंथरून बसले.

"हे काय?"

"तुमचं जे होईल ते माझं."

"ऊठ. तुला सून आहे, नातू आहे."

"तुम्हाला नाही का कुणी?"

"तू ऊठ आधी इथून. उगाच नाटकं करू नकोस."

"मी नाही उठणार. देव घटी बसलेत, मीही बसलेय."

ती चिडली. "अगं बाई, दोघी गेलो तर दिव्यात तेल कोण घालणार?"

"तेच तर म्हणते मी सकाळपासून."

तेव्हा तिनं मान वळवली. माझ्याकडे बघितलं, वर बघितलं. मग म्हणाली, देव हलणार नाहीत, दिवा हलणार नाही, पण ती स्वतः दारात बसेल. उंबऱ्याच्या बाहेर. तेल घालायला आणि माळ घालायला तेवढी आत जाईल. मी म्हटलं, तेल मी घालते. तर म्हणे, तुझं सोवळं नाही.

मग मला माझ्या मुलाचं हेल्मेट आठवलं. स्कूटर विकली तरी माळ्यावर पडून होतं. ते काढलं, नळाखाली धुतलं. ती म्हणाली, सोवळ्यात हे कसं चालेल? मी त्यावर रामकुंडावरून आणलेलं गोदेचं पाणी शिंपडलं, म्हटलं आता चालेल. तिनं थोडा विचार केला आणि डोक्यात घातलं. हनुवटीचा पट्टा मी लावला. सोवळ्याचं नऊवारी, हातात तेलाची पळी, डोक्यावर लाल हेल्मेट, अशी तुझी आई कमानीत वाकून दिव्यात तेल घालायची. मी मागून तिच्या पदराचं टोक घट्ट धरून उभी. काही झालं तर ओढून घ्यायला.

"ओढशील तर लुगडं सुटेल," ती म्हणायची.

"सुटू दे. जिवंत तर राहाल."

हसलो आम्ही एकदा. पण तू हसू नकोस. अष्टमीला पाऊस आला, फुटक्या कौलांतून पाणी भिंतीत मुरायला लागलं, आणि नळीत अडकलेल्या गठ्ठ्यातून ओली काजळी ठिबकायला लागली. घटातलं धान्य वीतभर उगवलं होतं, त्यावर काळे थेंब. मी दारात बसून त्या अडकलेल्या विटांनाच विनवत होते. देवांना नाही, विटांना. दोन दिवस थांबा, एवढंच.

दसऱ्याला सकाळी तिनं अक्षता वाहून देव उठवले. एकेक करून, हेल्मेट घालूनच, बाहेर आणून स्वयंपाकघरात पाटावर ठेवले. शेवटी दिवा आणला. ती खोलीबाहेर पडली आणि मी दार ओढून घेतलं. मग मी तिथेच खाली बसले.

गवंडी आला. वर चढला, बांबूनं नळीत ढोसलं, आणि तो गठ्ठा एका दणक्यात खाली आला. देव बसले होते त्या पाटाची दोन शकलं झाली. तुझी आई व्हरांड्यातून बघत होती. मला वाटलं, आता तरी हिला कळेल, कशाखाली बसली होती. पण तो गवंडी खाली येऊन घाम पुसत म्हणतो काय, "बघा मावशी, देव होते तवर थांबलं. देव गेले आन् सुटलं." तुझ्या आईनं माझ्याकडे फक्त बघितलं. त्याच्या तोंडात मारावीशी वाटली मला. त्यालाच चहा करून दिला.

आता धुराडं नाही. छपराला भोक आहे, वर पत्रा टाकलाय. पण ती भिंत पायापासून चिरली आहे. गवंडी म्हणतो पाडायला लागेल, इंजिनिअर म्हणतो तोवर या घरात राहू नका. अधूनमधून अजून बारीक धक्के जाणवतात. मी म्हटलं, ताई, माझ्या मुलाकडे चला. नाही म्हणाली. लेकीकडे जा म्हटलं, तर म्हणे, तिनं कुठं बोलावलंय. ती व्हरांड्यात खुर्चीवर बसते, काजळीचा खोकला झालाय, छातीतून आवाज येतो. दवाखान्यात येत नाही. दोन घास खाते आणि ताट सारते. नवस फिटला, पोरगी बरी आहे, माझं काम झालं, असं परवा म्हणाली. सहज म्हणावं तसं म्हणाली. मला त्या तड्यापेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटते. धुराड्याखालून मी तिला ओढू शकत होते, निदान पदर तरी धरू शकत होते. इथे काय धरू?

बाळ, हे वाचलंस की मला फोन करू नकोस, तिला तर मुळीच नको. फोनवर तुम्हा दोघींचं धड होत नाही. तू सरळ ये. पुढचं दार बंद केलंय, मागच्या अंगणातून ये, ती तिथेच खुर्चीत असेल. काही बोलू नकोस, नुसती जवळ जाऊन बस. डॉक्टरकडे मी दोनदा नेते म्हटलं, तू एकदा म्हण. रजा मिळत नसेल तर या रविवारपुरती ये. पण ये, लवकर ये.